सोळा फूट सावली

गेल्या डिसेंबरात फोनवर तुमच्यातल्या धाकटीने मला विचारलं होतं, की आमच्याकडे सकाळी आठ वाजता काळोख का असतो. तुमच्या खिडकीबाहेर रस्त्यावरचे दिवे चालू होते. माझ्याकडे दीड वाजला होता आणि अंगणात पाय ठेवला तर चटका बसत होता. मी म्हटलं, आजी लिहून पाठवते. लिहायला सहा महिने लागले, कारण उत्तर सोपं आहे, पण ते मला ज्या कामासाठी वापरावं लागलं ते सांगितल्याशिवाय उत्तर पुरं होत नाही. तुमचे बाबा हे वाचून दाखवतील. मी पानांवर आकडे घातले आहेत. एखादं पान गळलं असं वाटलं तर त्यांना विचारा.

आधी उत्तर. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, पश्चिमेकडून पूर्वेकडे. इथे पर्यटक संध्याकाळी वाळूत उभे राहून सूर्य समुद्रात बुडतानाचे फोटो काढतात. सूर्य कुठेच बुडत नाही. आपला किनाराच त्याच्याकडे पाठ करतो. पाठ केली की रात्र, तोंड केलं की दिवस, एवढंच.

ऋतूंचं कारण वेगळं आहे. पृथ्वी सरळ उभी राहून फिरत नाही, साडेतेवीस अंशांनी कलून फिरते, आणि तशीच कललेली वर्षभर सूर्याभोवती जाते. जूनमध्ये तिचा उत्तरेकडचा भाग सूर्याकडे कललेला असतो, डिसेंबरात दूर. तुमचं शहर आमच्यापेक्षा चाळीस अंश उत्तरेला आहे, म्हणून डिसेंबरात तुमच्या वाट्याला जेमतेम सात तासांचं ऊन येतं, तेही तिरकं. आम्ही सोळा अंशांवर. आमच्याकडे दिवस फार लहानमोठा होत नाही. बदलते ती सावली. मे महिन्यात काही दिवस सूर्य अगदी डोक्यावर येतो, मग चक्क थोडा उत्तरेला सरकतो आणि भर दुपारची सावली दक्षिणेला पडते. बाकी वर्षभर ती उत्तरेला पडते, आणि डिसेंबरात सर्वांत लांब. मी हे तीस वर्षं हायस्कुलात शिकवलं. बेळगावला इंग्रजीतून शिकले होते, इथे मराठीतून शिकवलं, आणि दोन्ही भाषांत हा धडा मला तोंडपाठ होता.

आता शेजारीण. आपल्या घराच्या उत्तरेला जांभ्या दगडाचा गुडघाभर उंच गडगा आहे आणि गडग्यापलीकडे तिचं खळं, म्हणजे अंगण. तिचा नवरा दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी आहे. ती किनाऱ्यावर लिलावात मासळी घ्यायची, चिरून, मीठ लावून, खळ्यात नारळीच्या झावळ्या विणून केलेल्या झापांवर वाळत घालायची आणि पावसाच्या तोंडावर विकायची. पाऊस सरला की बांगड्यापासून सुरुवात, मग पेडवे, मग सुंगटं म्हणजे कोळंबी, मे अखेरपर्यंत. खळं दक्षिणोत्तर अठरा फूट होतं. एवढ्या जागेवर तिने मुलीला बारावीपर्यंत शिकवलं आणि पुढे नर्सिंगला घातलं. मुलगी माझीच विद्यार्थिनी.

वास यायचा. मासे खाणाऱ्या माणसाने वासाबद्दल बोलू नये असं इथे मानतात आणि मी पण खाते. पण बशीतला वास वेगळा आणि खिडकीतून दिवसभर येणारा वेगळा. तुम्ही एका नाताळात नात्यातल्या लग्नासाठी आला होतात. थोरल्याने चार दिवस नाकाला रुमाल लावला. तुमच्या आईने उत्तरेच्या खिडक्या बंद करून घेतल्या, काही बोलली नाही, पण जाताना बॅगेतले कपडे हुंगून पाहिले. ते मी पाहिलं. पुढच्या दोन वर्षी तुम्ही आला नाहीत. कारणं तिकिटांची होती, शाळेची होती. मला खळंच दिसत होतं.

शेजारणीला काही म्हणणं शक्य नव्हतं. कोळणीला मासे सुकवू नको म्हणणाऱ्या बाईचं या वाडीत काय होतं ते मला माहीत आहे. तिच्याकडे बारशाला कोणी जात नाही आणि तिच्या माडावर चढायला गडी मिळत नाही.

मग वरच्या खोल्यांची गोष्ट निघाली. तुमच्यासाठी वर दोन खोल्या, थंड हवेचं यंत्र, तुमच्यासारखं न्हाणीघर. आमच्याकडे घराच्या सगळ्या गोष्टी मे महिन्यात ठरतात, कारण चाकरमानी तेव्हाच येतात. जमिनीची मोजणी मे महिन्यात, वाटण्या मे महिन्यात, पायाचा नारळ मे महिन्यात. कुठलं झाड कुणाच्या कौलावर येतं, कुणाची भिंत कुणाच्या विहिरीवर सावली धरते, हे सगळं माणसं मे महिन्याच्या दुपारी उभं राहून बघतात आणि त्यावर हो म्हणतात. त्या महिन्यात घराला सावलीच नसते. शंभर वर्षं या किनाऱ्यावर लोक वर्षातल्या सर्वांत खोट्या महिन्यात घरं ठरवत आले आहेत आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी तुमचे बाबा मे महिन्यात पंधरा दिवसांसाठी एकटेच आले. इंजिनिअरने नकाशा काढला. घराची उंची चोवीस फूट होणार, भिंत गडग्यापासून चार फूट आत. ग्रामपंचायतीने शेजाऱ्याची ना हरकत मागितली.

त्या संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलावर पाठकोरा कागद घेतला. नव्वदातून सोळा गेले, त्यातून साडेतेवीस. उरले साडेपन्नास अंश. डिसेंबरात भर दुपारी सूर्य एवढाच वर येणार. चोवीस फुटांच्या भिंतीची सावली वीस फूट. चार फूट आपल्या हद्दीतले वजा. तिच्या खळ्यावर सोळा. खळं अठराचं. सकाळी आणि दुपारनंतर दोन फूटसुद्धा राहणार नाहीत. कार्तिकापासून माघापर्यंत, म्हणजे बांगड्याच्या ऐन हंगामात, तिला ऊन नाही.

तुमचे बाबा समोर बसले होते. त्यांनी कागद वाचला.

"आई, मग तिला काय सांगणार?"

"ती विचारेल तेवढं."

त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवला आणि फोन बघायला लागले. ते तुम्हाला हे वाचून दाखवताना इथे अडखळतील. त्यांना पाणी द्या आणि पुढे वाचायला सांगा.

शेजारीण दुसऱ्या दिवशी दुपारी आली. हात धुऊन, पदराला पुसत, गडग्यावरून पाय टाकून, नेहमीसारखी. तुमच्या बाबांना बघून हसली.

"काय रे चाकरमान्या, घर उंच करतंस? मगे आमका खालच्यांका वळखतलंस मा?"

तुमचे बाबा हसले. ती माझ्याकडे वळली. मला ती कायम बाई म्हणते, मुलीची शिक्षिका म्हणून.

"बाईंनू, माका नकाशे कळनत नाय. माज्या खळ्यार सावली येतली काय, तेवढा सांगा. वत गेला तर माजा सगळा गेला."

वत म्हणजे ऊन.

मी म्हटलं, "सांगण्यापरास दाखवतंय."

आपल्याकडे सूर्य घड्याळाच्या बाराला माथ्यावर येत नाही, साडेबाराच्या जरा पुढे येतो. तोपर्यंत मी तिला कोकम सरबत दिलं. मग सहा फुटांची बांबूची काठी गडग्याला लागून पुरली, गवंड्याचा ओळंबा लावून सरळ केली. वर्गात शिकवायचे तशीच. सावली जेमतेम वीतभर पडली आणि ती आपल्या घराच्या बाजूला, दक्षिणेला. तिच्या खळ्याकडे काठीची काळी रेघसुद्धा नव्हती.

ती वाकून बघत राहिली.

"म्हणजे सावली तुमच्यारच पडतली?"

"दिसता नाय तुका?"

"दिसता. पण थंडीच्या दिसांत सूर्य थंय खाली लवता मा? तेव्हा?"

तिला माहीत होतं. सूर्य दक्षिणेला जातो हे समुद्राकाठी राहणाऱ्या कुणालाही माहीत असतं. तिला फक्त फूट किती ते काढता येत नव्हतं, आणि ते काढता येणारी बाई तिच्यासमोर उभी होती.

"लवता," मी म्हटलं. "थोडो."

तिने मान हलवली. "तुमी सांगतास म्हणजे झाला. माज्या घोवान बांधलली गाठ सुटता, तुमचा गणित चुकूचा नाय." घोव म्हणजे नवरा. ती स्वतःच्याच बोलण्यावर हसली, ना हरकतीच्या कागदावर सही केली, मुलीने शिकवलेली, एकेक अक्षर सुटं, आणि उरलेलं सरबत पिऊन गेली.

जून-जुलैच्या पावसात काम थांबलं, नंतर भराभर झालं; गणपतीपर्यंत भिंती पूर्ण उंचीला आल्या. दिवाळीला वरच्या खोल्या आणि त्यांच्यावरची सपाट गच्ची तयार होती.

सावली गणपतीनंतर आली. सप्टेंबरच्या शेवटी ती खळ्यात तीन फूट शिरली. शेजारणीने पहिली झापं पसरली तेव्हा गडग्यालगतची जागा सोडून पसरली, जणू तिकडे ओल होती. दिवाळीत अकरा फूट. ती दर चार-पाच दिवसांनी झापं उत्तरेला ओढायची. आधी एक रांग कमी झाली, मग दोन. मी वरच्या खोलीच्या खिडकीतून बघत असे. मला चित्र वहीतल्यासारखं तंतोतंत दिसत होतं आणि, खरं लिहायचं तर, गणित बरोबर आल्याचा तो ओळखीचा आनंद मला झाला. तो लगेच गेला असं मी लिहिणार नाही. तो बरेच दिवस टिकला.

नोव्हेंबरच्या अखेरीस तिने मोठ्या लिलावात बांगडा घेतला. वर्षाचा मोठा माल. दोन फुटांच्या पट्टीत तो मावेना, म्हणून बाकीचा तिने सावलीत पसरला. वारा तरी लागेल असं वाटलं असावं. चौथ्या दिवशी बांगड्याचं पोट मऊ पडलं. सातव्या दिवशी त्यात किडे झाले. आणि मुलांनो, वास. जो वास घालवायला हे सगळं केलं, त्याच्या दसपट वास त्या आठवड्यात आपल्या घरात भरला. उन्हात सुकणाऱ्या मासळीला एक स्वच्छ खारट वास असतो, तो मला तेव्हा कळला. सडणाऱ्या मासळीचा वास भिंतीत शिरतो. मी पडदे दोनदा धुतले.

ती टोपल्या भरभरून ते बांगडे माडांच्या मुळात पुरत होती. मी गडग्याशी गेले. तिने वर बघितलं आणि हातातलं फावडं टेकवलं.

"बाईंनू, एक मागू?"

"माग."

"तुमच्या नव्या गच्चीयेर दिसभर वत पडता. सकाळपासून सांजेपर्यंत. एका कोपऱ्यात माका चार झापां घालूक दिलास तर? मी भायरल्या जिन्यान वर जायन, तुमच्या घरात पाय घालूचंय नाय. सांजेक झाडून देयन."

बाहेरचा जिना होताच. कोपराही होता. वीस झापं मावली असती. सगळा हंगाम त्या गच्चीवर निघाला असता, आणि खाली खळ्यात तिने सुकवलं असतं त्याहून चांगला सुकला असता, कारण वर वाराही आहे.

"वर पाण्याची टाकी आसा गो," मी म्हटलं. "वास लागतलो."

"झाकण आसा मा टाकयेक?"

"झाकण आसला तरी."

मग तिने फावडं उचललं.

"आणि नातवंडां येतली," मी म्हटलं.

"होय तर. पोरां येतली. ता बरोबर," ती म्हणाली, आणि खणायला लागली.

तुम्ही त्या डिसेंबरात आला नाहीत. दहा दिवसांची सुट्टी पुरत नाही म्हणालात. तुमच्या शाळेची मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टात, कारण तेव्हा पृथ्वी तुमची बाजू सूर्याकडे करते. तेव्हा आमच्याकडे पाऊस धो धो कोसळत असतो, होड्या वर ओढलेल्या असतात आणि कोणाच्याही खळ्यात एक बांगडासुद्धा नसतो. म्हणजे तुम्ही ज्या महिन्यात येऊ शकता त्या महिन्यात वास कधी नव्हताच. ऋतू शिकवणाऱ्या बाईला हे आधी सुचायला हवं होतं. सुचलं नाही. मला फक्त सावली सुचली.

नाताळच्या सुट्टीत शेजारणीची मुलगी घरी आली. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. शाळेत माझ्यासमोर उभी राहायची तशी माझ्या दारात उभी राहिली, चपला बाहेर नीट लावून. बस म्हटलं तरी बसली नाही.

"बाई, मे महिन्यात तुम्ही आईला काठी पुरून दाखवलीत."

"हो."

"डिसेंबरची सावली काढून बघितली नव्हती का?"

मी तीस वर्षं मुलांना सांगितलं होतं, विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्या, इकडचं तिकडचं लिहू नका.

"बघितली होती."

"किती आली?"

"वीस. चार वजा. सोळा."

तिने मान हलवली. "मला पण सोळाच आली. म्हटलं, माझंच कुठे चुकलं की काय."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, मी उठले नाही. मला वाटलं आता ती ओरडेल, वाडी गोळा करेल. माझ्याकडे त्यासाठी उत्तर तयार होतं. स्वतःच्या जमिनीवर घर बांधायचा हक्क, तिची सही, ग्रामपंचायतीचा शिक्का. ती तसं काही बोलली नाही.

"आईला हे सांगू नका," ती म्हणाली. "आईला वाटतंय तुमची चूक झाली. ती सगळ्यांना सांगते, बाई आता म्हाताऱ्या झाल्या, गणित हुकलं त्यांचं, कोणी काही बोलू नका त्यांना. मला परीक्षेसाठी परत जायचंय. बाबा पंधरा-पंधरा दिवस समुद्रावर असतात. आईला दिवसभरात बोलायला गडग्यापलीकडे तुम्हीच आहात. चूक झाली असं वाटतंय तोवर ती तुमच्याशी बोलेल."

"आणि तू?"

"मी कशाला बोलू?" तिने चपला घातल्या. मग तिला काहीतरी आठवलं असावं. "तुम्ही फार चांगलं शिकवायचात, बाई," ती म्हणाली. ते टोचून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तिने अगदी साधेपणाने म्हटलं, खरं आहे म्हणून.

शेजारणीने जानेवारीत किनाऱ्यावर वाळूत झापं मांडून बघितली. कुत्र्यांनी आणि कावळ्यांनी निम्मा माल नेला, राहिलेल्यात वाळू. गिऱ्हाइकांनी तोंडावर सांगितलं, दातांखाली येते. मी तिला एकदा म्हटलं, मार्चपर्यंत ऊन परत येईल, खळं पुन्हा भरेल. खोटं नव्हतं ते. संक्रांतीच्या आधीच सूर्य उत्तरेला वळलेला असतो.

"आणि मगे परत जातलो मा?" तिने विचारलं.

"जातलो."

"दर वर्सा?"

"दर वर्सा."

"मगे कित्याक तेका धरून ऱ्हवाचा?" ती म्हणाली, आणि फेब्रुवारीत काजूच्या कारखान्यात जायला लागली. तिथे बिया फोडताना चीक लागून हाताची कातडी काळी पडते आणि सोलते. ती हातांना खोबरेल चोळून जाते. मार्चमध्ये ऊन परत आलं, मी सांगितलं होतं त्याप्रमाणे, आणि मे महिन्यात तर अख्खं खळं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लखलखत होतं. त्यात काही नव्हतं.

गेल्या जुलैत तुम्ही आला होतात. नऊ दिवस. वरच्या खोलीत राहिलात. बाहेर पाऊस होता, तुम्ही फोन बघत होतात. शेजारणीने तुम्हाला उकड्या तांदळाची पेज आणि फणसाची सांदणं आणून दिली, आठवतंय? थोरल्याने तिचे हात बघून तोंड फिरवलं. तिने हात पदराखाली घेतले. यापुढे ती काही देईल तर घ्या, आणि तिच्या हातांकडे बघा, तोंड फिरवू नका. एवढं तुम्हाला जमायला हवं.

या वर्षी तुम्ही येणार नाही असं तुमच्या बाबांनी परवा कळवलं. तुम्ही समुद्रकिनारी जाणार आहात, दुसऱ्या कुठल्या तरी देशात.

काल सकाळी मी दूध आणायला रस्त्यावर गेले तेव्हा ती कारखान्याच्या टेम्पोची वाट बघत उभी होती. डबा काखेत, डोक्याला प्लास्टिकची खोळ, पाऊस बारीक लागला होता.

"नातवंडां येवची नाय ह्या वर्साक?"

"नाय."

"मगे वरच्यो खोल्यो रिकाम्योच?"

"रिकाम्यो."

तिने माझ्याकडे बघितलं. चेष्टेच्या सुरात म्हणाली, "मगे माज्या वताचा काय केलास तुमी, बाईंनू?"

माझा चेहरा पडला असावा, कारण तिने ताबडतोब माझा दंड धरला, काळ्या पडलेल्या हाताने, आणि हलवला.

"सोडा. मी आपली मस्करी करतंय. वय झाला की माणूस चुकता. माजो बापूस शेवटाक भरती-ओहोटीच्यो वेळो इसारलेलो. तुमी काय मुद्दाम केलास?"

"नाय गो," मी म्हटलं.

टेम्पो आला. मागे बसलेल्या बायकांनी तिला हात देऊन वर घेतलं, सरकून जागा करून दिली. कुणीतरी काहीतरी म्हणालं आणि सगळ्या हसल्या, तीही हसली. मी दूध घेतलं, बाजारात जायला बाराची रिक्षा सांगायची होती ती सांगितली, आणि घरी आले.